प्रश्न वाचकांचे : कारखान्याच्या यंत्रांत अडकलेले मौल्यवान धातू

मागील अंकात जुन्या रासायनिक कारखान्यांच्या विक्रीविषयी लेख आल्यानंतर वाचकांनी पाठवलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : भंगारात जाणाऱ्या यंत्रांत प्लॅटिनम, पॅलॅडियम किंवा चांदी किती असते आणि ती कशी मिळवावी. त्यांतील निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचा नायट्रिक आम्लाचा जुना संयंत्र-विभाग कायमचा बंद होत आहे आणि सर्व यंत्रे टनाच्या भावाने विकण्याचा व्यवस्थापनाचा विचार आहे. उत्प्रेरक जाळ्या आम्ही आधीच काढून शुद्धीकरणासाठी पाठवल्या आहेत. आता उरलेल्या लोखंडात खरोखर काही राहिले असेल का? — एक अभियंता, तळोजे

राहिले असण्याची शक्यता दाट आहे. मात्र ते किती आहे याचा पहिला अंदाज यंत्रे ठोकून पाहून करायचा नसून जुन्या नोंदवह्या उघडून करायचा आहे.

नायट्रिक आम्ल बनवताना अमोनियाचे ज्वलन प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळ्यांवर होते आणि त्या वेळी जाळीतील प्लॅटिनम सतत थोडे थोडे उडत असते. हा ऱ्हास आम्लाच्या टनामागे ग्रॅममध्ये मोजतात. वातावरणाच्या दाबावर चालणाऱ्या संयंत्रात तो सुमारे 0.05 ग्रॅम असतो, मध्यम दाबाच्या संयंत्रात 0.1 ते 0.2 ग्रॅमच्या आसपास आणि उच्च दाबाच्या संयंत्रात 0.3 ग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. समजा, आपले संयंत्र मध्यम दाबाचे असून दिवसाला 300 टन आम्ल बनवत होते आणि ऱ्हास टनामागे 0.15 ग्रॅम होता. म्हणजे दिवसाला 45 ग्रॅम आणि वर्षातील 330 दिवस धरल्यास जवळजवळ 15 किलो प्लॅटिनम जाळी सोडून गेले. त्याखाली उडालेले प्लॅटिनम पकडणाऱ्या पॅलॅडियमच्या जाळ्या (ग्राही जाळ्या) असतील आणि त्यांनी यातील 70 टक्के पकडले असेल, तरी वर्षाला साडेचार किलो पुढे निसटते. काही दशकांचा हिशेब आपणच करावा.

हे सर्व यंत्रांत सापडेल असे मात्र समजू नये. त्याचा काही भाग आम्लाबरोबर टाकीत आणि तेथून पुढे अमोनियम नायट्रेटात किंवा खतात जातो आणि तो परत येत नाही. (ट्रॉम्बे आणि तळोजे येथील खत-कारखान्यांमुळे महाराष्ट्राला नायट्रिक आम्ल नवे नाही, परंतु पिकाला प्लॅटिनमचा काही उपयोग होत असल्याचे कोणी म्हटलेले नाही.) म्हणून प्रत्येक खेपेस बसवलेल्या जाळ्यांचे वजन, काढलेल्या जाळ्यांचे शुद्धीकरणानंतर जमा झालेले वजन, ग्राही जाळ्यांतून मिळालेले प्लॅटिनम आणि यापूर्वीच्या सफाईतून मिळालेला धातू यांचा ताळेबंद प्रथम मांडावा. आलेल्या फरकाला मी ‘शोधण्याजोगा धातू’ म्हणेन, ‘मिळणारा धातू’ नव्हे.

आता जागा. वायूबरोबर निघालेले प्लॅटिनम तापमान उतरताच धातुरूपात बसते, त्यामुळे ज्वलनपात्राच्या भिंती, जाळीखालची टोपली, तिच्यातील सिरॅमिक कडी आणि उष्णतारोधक लोकर ही पहिली ठिकाणे होत. त्यानंतर टाकाऊ उष्णतेवर चालणाऱ्या बॉयलरच्या नळ्या आणि पुच्छवायू (शोषणानंतर उरलेला वायू) तापवणारे उष्मा-विनिमयक (हीट एक्स्चेंजर) येतात, आणि अनेक संयंत्रांत याच भागात सर्वांत अधिक धातू सापडतो, कारण तेथे नळ्यांवरील लोहऑक्साइडाच्या खपलीत प्लॅटिनमचे सूक्ष्म कण मिसळून घट्ट बसलेले असतात. वायूच्या मार्गात काचतंतूंची गाळणी बसवलेली असल्यास तिचे जुने भरण कोठे ठेवले आहे ते गोदामात शोधा. पुढे शीतक-संघनक, शोषण-मनोऱ्याचे खालचे थर, आणि सर्वांत शेवटी आम्ल साठवण्याच्या टाक्यांचा तळ येतो. या टाक्यांच्या तळाशी साचलेला करडा-काळा गाळ पाहून ‘गंज आहे, धुऊन टाका’ असा आदेश देणारे अधिकारी पुष्कळ असतात. प्लॅटिनम नायट्रिक आम्लात विरघळत नाही आणि पाण्याच्या एकवीसपट जड आहे, म्हणून ते तळाशीच राहते, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या आदेशाची किंमत कळते. सोनाराच्या दुकानातील केर झारेकरी (केर धुऊन सोने काढणारा) पैसे मोजून का नेतो, तेच कारण येथेही आहे. फरक इतकाच की येथील केर पोलादाच्या भिंतींना चिकटलेला असतो.

काम करण्याच्या क्रमाविषयी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. संयंत्राच्या थंड भागांत, विशेषतः पुच्छवायूच्या बाजूला, अमोनियम नायट्रेट व नायट्राइट यांचे क्षार साचलेले असू शकतात, आणि अशा जागी गॅस कटर लावणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय. म्हणून प्रथम वाफेने व पाण्याने संपूर्ण धुलाई झाली पाहिजे. ते धुण्याचे पाणी गटारात न सोडता निवळण-टाकीत घ्यावे, कारण क्षार विरघळले तरी धातूचे कण त्या पाण्यातच तरंगत असतात. पात्रात माणूस उतरवण्यापूर्वी धोकादायक वायूंबाबतची कायद्यातील तरतूद पाळली गेली आहे की नाही, हे कंत्राटदाराच्या शब्दावर न सोडता स्वतः पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की नळ्यांवरील खपली उच्च दाबाच्या पाण्याने बंदिस्त जागेत काढून, गाळून, सुकवून आणि वजन करूनच लोखंड भंगाराला सोडावे. तसे शक्य नसेल, तर नळ्या करवतीने अथवा हायड्रॉलिक कात्रीने, खाली ताडपत्री अंथरून कापाव्यात. गॅस कटरने उडालेली खपली परत गोळा होत नाही, आणि नेमकी तीच खपली त्या संपूर्ण उष्मा-विनिमयकाच्या लोखंडापेक्षा मोलाची असू शकते. टनाच्या भावाने विक्रीचा निर्णय कायम राहणार असेल, तर सफाईचे काम विक्रीच्या आधी आणि स्वतंत्र कंत्राटाने करून घ्यावे, एवढेच आपण व्यवस्थापनाला पटवले तरी पुरेसे आहे.

प्रश्न : प्लॅटिनम कशातही विरघळत नाही, जळत नाही, असे आम्ही शिकतो. मग ते जाळीवरून उडते कसे, आणि पॅलॅडियमची जाळी त्याला पकडते कशी? — एक विद्यार्थिनी, नाशिक

प्लॅटिनमचा द्रवणबिंदू 1768 अंश सेल्सिअस आहे आणि जाळीचे तापमान 850 ते 950 अंशांच्या दरम्यान असते, तेव्हा ते वितळून किंवा उकळून जात नाही हे उघड आहे. उच्च तापमानात पृष्ठभागावरील प्लॅटिनमचे अणू ऑक्सिजनशी जोडले जाऊन प्लॅटिनम डायऑक्साइडचे रेणू बनतात आणि हा ऑक्साइड बाष्परूप असतो. वायूचा प्रवाह त्याला घेऊन जातो. तारेच्या पृष्ठभागाची या क्रियेत मोठी उलथापालथ होते, त्यावर खडबडीत उंचवटे वाढतात आणि त्यांतले काही तुटून कणांच्या रूपातही निघून जातात. विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी 1902 मध्ये अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि 1909 मध्ये त्यांना उत्प्रेरणावरील कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. उत्प्रेरक स्वतः अभिक्रियेत खर्च होत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य कागदावर बरोबर असले, तरी कारखान्याचा खजिनदार ते मान्य करणार नाही.

पॅलॅडियमची जाळी गाळणीसारखे काम करत नाही. बाष्परूप ऑक्साइडचा रेणू तप्त पॅलॅडियमवर आदळला की त्यातील ऑक्सिजन सुटतो आणि उरलेला प्लॅटिनमचा अणू पॅलॅडियममध्ये मिसळून मिश्रधातू बनतो. म्हणून ही जाळी ज्वलनाच्या जाळ्यांच्या लगेच खाली, प्लॅटिनम अजून बाष्परूपात असतानाच, बसवावी लागते. ही पद्धत 1960 च्या दशकात जर्मनीत विकसित झाली. सुरुवातीला पॅलॅडियममध्ये सोने मिसळत असत, पुढे सोन्याच्या जागी सुमारे 5 टक्के निकेल वापरले जाऊ लागले. या पकडीला खर्चही आहे : प्लॅटिनम येत असताना काही पॅलॅडियम स्वतः उडून जाते, आणि ते पकडलेल्या प्लॅटिनमच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश असते. पूर्वी प्लॅटिनम पॅलॅडियमच्या कितीतरी पट महाग असे, तेव्हा हा व्यवहार निर्विवाद फायद्याचा होता. 2017 नंतर काही वर्षे पॅलॅडियमचे भाव प्लॅटिनमच्याही वर होते, तेव्हा किती थर बसवायचे याचा हिशेब अनेक कारखान्यांना नव्याने मांडावा लागला.

ऱ्होडियम मात्र प्लॅटिनमपेक्षा कमी उडते, त्यामुळे वापरून झालेल्या जाळीत त्याचे प्रमाण नव्या जाळीपेक्षा थोडे वाढलेले आढळते.

प्रश्न : लिलावात घेतलेल्या एका उष्मा-विनिमयकाच्या नळीवर एक्सआरएफ गन धरली असता तिने प्लॅटिनम दाखवले. यावरून मालाची किंमत कशी ठरवावी? — भंगार व्यावसायिक, कळंबोली

त्या आकड्यावरून किंमत ठरवूच नये. क्ष-किरणांनी धातू ओळखणारे हे उपकरण पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. तेथे जे दिसते ते टक्केवारीत सांगते, आणि वाचणाऱ्याला वाटते की संपूर्ण नळीतच तेवढे टक्के धातू आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन जाडीचा सलग, शुद्ध प्लॅटिनमचा थर असता, तरी त्याचे वजन सुमारे 21 ग्रॅम भरले असते. प्रत्यक्षात थर सलगही नसतो आणि शुद्धही नसतो. शिवाय जस्ताची एक क्ष-किरण रेषा प्लॅटिनमच्या मुख्य रेषेच्या इतकी जवळ येते, की जस्ताचा रंग किंवा लेप लागलेल्या भागावर साधे उपकरण चक्क नसलेले प्लॅटिनम दाखवू शकते. गन हे कोठे खरवडायचे ते सांगणारे साधन आहे, तेवढ्यापुरते ते उत्तम आहे.

मोल ठरते ते नमुन्यावरून. निघालेली खपली पूर्ण सुकवावी, बारीक दळावी, चाळावी, एकजीव करावी, आणि मग तिचे विभाजन करून तीन मोहोरबंद नमुने काढावेत : एक आपला, एक शुद्धीकरण करणाऱ्याचा आणि तिसरा पंचाचा. दोघांच्या विश्लेषणातील फरक करारात ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, तरच तिसरा नमुना तटस्थ प्रयोगशाळेकडे जातो. डब्याच्या वरच्या थरातून चमचाभर घेतलेला नमुना जड कणांना हुलकावणी देतो. कमी येणारे बहुतेक निकाल प्रयोगशाळेच्या चुकीने नव्हे, तर या चमच्याने येतात.

आणखी एक बाब आपण विचारलेली नाही, पण ती आधी पाहावी. लिलावाच्या अटींत ‘यंत्रातील मौल्यवान धातू विक्रेत्याचा राहील’ अशा अर्थाचे कलम आहे का? जाणकार विक्रेते ते घालतात. नसल्यास आपला हक्क बळकट असतो, असल्यास खपली खरवडण्यापूर्वी विक्रेत्याशी लेखी बोलणी करणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : आमच्या औषधनिर्मितीतील मध्यवर्ती रसायनांच्या (इंटरमीडिएट) छोट्या कारखान्यात हायड्रोजनेशनसाठी (रेणूला हायड्रोजन जोडण्यासाठी) कार्बनवरील पॅलॅडियम वापरतो. वापरलेल्या मालाचे पिंप एक व्यापारी रोखीने, किलोच्या भावाने मागतो. द्यावे का? — एक उद्योजक, लोटे-परशुराम

व्यापारी किलोच्या भावाने मागतो तेव्हा तो पाण्याच्या वजनाचा आधीच अंदाज घेऊन बसलेला असतो आणि तो अंदाज त्याच्या बाजूचा असतो. ‘5 टक्के पॅलॅडियम’ हे प्रमाण कोरड्या वजनावर सांगतात. माल निम्मा ओला असल्यास 10 किलोंत 500 नव्हे, तर 250 ग्रॅम पॅलॅडियम असते. वापरानंतर त्यात विद्रावक आणि सेंद्रिय अवशेष मिसळतात, त्यामुळे ओल किती आणि राख किती हे मोजल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही. नियंत्रित भट्टीत कार्बन जाळून राख मिळवणे आणि त्या राखेचे विश्लेषण करणे, हीच खरी तोलाई आहे.

ओलाव्याचा दुसरा मुद्दा पैशाहून महत्त्वाचा आहे. वापरलेला हा उत्प्रेरक हायड्रोजन धरून ठेवतो, आणि तो कोरडा पडून हवेशी आला की आपोआप पेटू शकतो. जवळ मिथेनॉल असेल तर काय होते ते कोकण पट्ट्यातील उद्योजकांना सांगण्याची गरज नसावी. फिल्टरवर साचलेली उत्प्रेरकाची चकती विद्रावकाने धुतल्यावर पाण्याने धुवावी, पाण्याखाली ठेवावी, आणि पिंपावर तसे ठळक लिहावे.

किती धातू हाती येतो याची आपण खरेदीशी तुलना केलीत, तर बरीच तूट दिसेल. ती बहुधा चोरी नसते. पॅलॅडियमचा काही भाग द्रावणात उतरून मातृद्रवाबरोबर (माल वेगळा केल्यावर उरलेल्या द्रवाबरोबर) जातो, काही स्पार्कलर फिल्टरच्या कापडात व कागदात राहतो, आणि रंग काढण्यासाठी वापरलेला सक्रिय कार्बनही त्याला शोषून घेतो. औषधातील पॅलॅडियमवर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी, तोंडावाटे घेण्याच्या औषधांसाठी, दिवसाला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली असल्याने आपले ग्राहक ते काढून टाकण्याचा आग्रह धरतातच. मग काढलेला माल निदान वेगळा साठवा. कापड, कागद, कार्बन, पिंपाचा तळ धुतलेले पाणी हे सर्व एकाच खात्यात जमा करण्याची शिस्त लावली, तर पहिल्याच वर्षी त्याचा खर्च निघेल असे मला वाटते.

रोखीच्या व्यवहाराविषयी : वापरलेले उत्प्रेरक 2016 च्या घातक व इतर कचरा नियमांखाली येतात. ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकारालाच, वाहतुकीच्या नमुना 10 मधील मॅनिफेस्टसह (माल सोबत जाणाऱ्या नोंदपत्रासह) द्यावे लागतात, आणि साठवण्यासाठीही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्रात उल्लेख हवा. पिंप रस्त्यावर पेटले, तर तो रोखीचा व्यापारी आपले नाव सांगेल. आपल्याकडे त्याचे नाव सांगणारा कागद नसेल.

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याचे, तीन पिढ्या दक्षिणेत गलाईचा (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) व्यवसाय करतो. चांदी नायट्रिक आम्लाने काढतो. अलीकडे कारखान्यांतील लोक बारीक काळसर जाळीचे तुकडे आणि तारा आणतात आणि त्यात प्लॅटिनम आहे म्हणतात. हे काम आमच्या भट्टीवर होईल का? — एक गलाई व्यावसायिक, कोइम्बतूर

चांदीच्या कामातील आपल्या हातखंड्याविषयी शंका नाही. खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधवांनी देशभर ते सिद्ध केले आहे. फॉर्मल्डिहाइड बनवणाऱ्या कारखान्यांत चांदीच्या स्फटिकांचा किंवा चांदीच्या जाळीचा उत्प्रेरक असतो, तो आणि इथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यातील ॲल्युमिनावरील चांदी, हा माल कागदपत्रांसह आला तर आपल्या पद्धतीत बसणारा आहे.

प्लॅटिनमचे काम मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते साध्या नायट्रिक आम्लात उतरत नाही, त्यासाठी अम्लराज (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण) लागते. नंतर नवसागर घालून जो पिवळा क्षार पाडतात, त्याची धूळ श्वासातून गेल्यास दम्याची ॲलर्जी होते. ती एकदा जडली की अत्यल्प मात्रेनेही पुन्हा उफाळते आणि त्या कामगाराला हा धंदा कायमचा सोडावा लागतो. मोठ्या शुद्धीकरण-कारखान्यांत हे काम बंदिस्त कपाटांत होते आणि कामगारांची नियमित तपासणी होते. नायट्रिकच्या तांबूस धुराशी आपला परिचय आहेच, परंतु त्या धुराने फुप्फुसांत पाणी भरण्याची क्रिया काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणून ‘खोकला थांबला, आता ठीक आहे’ असे मानून कोणालाही घरी पाठवू नये.

धंद्याच्या दृष्टीनेही हे काम तोट्याचे आहे. जाळीतील ऱ्होडियम अम्लराजातही पूर्णपणे उतरतेच असे नाही, उरलेले काळ्या भुकटीच्या रूपात तळाशी राहते, आणि घाण समजून फेकले जाते. 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला, म्हणजे 31.1 ग्रॅमला, 29,000 डॉलरच्या आसपास पोहोचला होता. त्या वर्षी ती भुकटी फेकणाऱ्याने जाळीतील प्लॅटिनमपेक्षा मोलाची वस्तू फेकली असण्याचा संभव आहे. उलट प्रकारही घडतो : पुष्कळ चांदीत थोडे प्लॅटिनम मिसळलेले असले, तर ते चांदीबरोबर नायट्रिकमध्ये काही अंशी उतरते आणि आपल्या चांदीचा कस बिघडवते.

शेवटी, हे तुकडे आपल्याकडे कसे पोहोचतात याचा विचार करावा. उत्प्रेरक जाळी कारखान्यात वजन करून बसवतात, वजन करून काढतात आणि हिशेबासह शुद्धीकरणाला परत पाठवतात. तिचा कापलेला तुकडा एखादा माणूस खिशातून काढतो, तेव्हा तो तुकडा कोणाच्या तरी ताळेबंदात कमी पडलेला असतो, आणि चोरीचा माल घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. तापमान मोजण्याच्या प्लॅटिनम थर्मोकपलच्या तारा मात्र काही वेळा रीतसर भंगारात येतात. त्यांतल्या नेहमीच्या प्रकारांत एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरी 10 किंवा 13 टक्के ऱ्होडियम मिसळलेल्या प्लॅटिनमची असते. पावती असेल, तर त्या न वितळवता, दोन्ही तारा वेगळ्या ठेवून, नवी मुंबईत या धातूंचे काम करणारे कारखाने आहेत त्यांच्याकडे विश्लेषणाला द्याव्यात.

प्रश्न : कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातील जुने टायटेनियमचे ॲनोड विकायचे आहेत. त्यांवरील लेपाचे वेगळे पैसे मिळतील का? — एक वाचक, चंद्रपूर

लेप रुथेनियम आणि इरिडियम यांच्या ऑक्साइडांचा असतो, चौरस मीटरमागे मोजकेच ग्रॅम, आणि वापराने तो झिजलेला असतो. केवळ तो खरवडून काढणे सहसा परवडत नाही, आणि घरगुती प्रयोगांत रुथेनियमचा विषारी, बाष्पशील ऑक्साइड तयार होण्याचा धोका आहे. टायटेनियमचा सांगाडा सरळ आणि न तडकलेला असेल, तर त्यावर नवा लेप देणाऱ्या कंपनीला तो पुनर्लेपनासाठी विकावा. तेथे सांगाड्याचा भाव टायटेनियमच्या भंगारापेक्षा चांगला मिळतो, आणि जुना लेप उतरवताना निघालेल्या गाळाचा मोबदला कोणाचा, हे मागणीपत्रातच लिहून घ्यावे.